सेल्सफोर्समधले बदल प्रॉडक्शनपर्यंत सुखरूप नेण्यासाठी मेटाडेटा एपीआय कसा वापरावा

सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवस्थापनाच्या ऑनलाइन प्रणालीत एक फील्ड (माहितीचा रकाना) तयार करायला सेटअपमधल्या पाच-सात क्लिक पुरतात. पण त्या फील्डसोबत व्हॅलिडेशन रूल, पेज लेआउट, परमिशन सेट (परवानग्यांचा गट), फ्लो (आपोआप चालणारी प्रक्रिया) अशा चाळीसेक गोष्टी सँडबॉक्समधून, म्हणजे चाचणीच्या प्रतीतून, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या वापरातल्या खऱ्या प्रणालीत, न्यायच्या असतील, तर हातानं पुन्हा सगळं करताना काहीतरी सुटतंच. एखाद्या चौकटीत टिक करायची राहते आणि दुसऱ्या दिवशी विक्री विभागातल्या कुणाला रेकॉर्ड सेव्ह करता येत नाही. मेटाडेटा एपीआय याच कामासाठी आहे. तो ऑर्गची, म्हणजे सँडबॉक्स किंवा प्रॉडक्शन अशा एकेका सेल्सफोर्स खात्याची, रचना एक्सएमएल फाईलींच्या रूपात बाहेर काढून देतो, आणि बदललेल्या फाईली परत दिल्या की त्याप्रमाणे ऑर्ग बदलतो.

रचना म्हणजे ऑब्जेक्ट, फील्ड, लेआउट, फ्लो, एपेक्स (सेल्सफोर्सची प्रोग्रॅमिंग भाषा) क्लास, रिपोर्टची व्याख्या, परवानग्या. ग्राहकांची नावं, ऑर्डरी, केसेस हे रेकॉर्ड या एपीआयच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी डेटा लोडर किंवा बल्क एपीआय वापरावा लागतो. या सीमारेषेवर एक जागा नेहमी गोंधळात टाकते. कस्टम मेटाडेटा टाइपमधले रेकॉर्ड मेटाडेटा मानले जातात, म्हणून ते फाईलींसोबत प्रवास करतात. कस्टम सेटिंगची फक्त व्याख्या जाते, तिच्यात भरलेली मूल्यं जात नाहीत. कराचे दर, मर्यादा, चालू-बंद खुणा अशी माहिती सगळ्या ऑर्गमध्ये सारखी हवी असेल, तर ती सुरुवातीपासून कस्टम मेटाडेटा टाइपमध्येच ठेवावी.

हा एपीआय वापरताना एक प्रश्न सतत मनात ठेवावा लागतो: जी गोष्ट फाईलमध्ये लिहिलेली नाही, तिचं समोरच्या ऑर्गमध्ये काय होणार? याचं उत्तर प्रत्येक प्रकारच्या घटकाला वेगळं आहे, आणि डिप्लॉयनंतर, म्हणजे फाईली समोरच्या ऑर्गमध्ये पाठवून लागू केल्यावर, उगवणारे बरेचसे घोटाळे तिथूनच येतात. पुढे प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न पुन्हा येईल.

उदाहरण म्हणून पंप दुरुस्त करणाऱ्या एका व्यवसायाचा 'सेवा भेट' हा ऑब्जेक्ट घेऊ. त्याचं एपीआय नाव सर्व्हिस_व्हिजिट__सी. त्यात भेटीची तारीख, तंत्रज्ञ, रक्कम आणि वॉरंटीची स्थिती ही फील्ड आहेत. फाईलींची नावं, एपीआय नावं आणि कमांड प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत. या लेखात त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

पूर्वतयारी

मेटाडेटा एपीआय एंटरप्राइज, अनलिमिटेड, परफॉर्मन्स आणि डेव्हलपर या एडिशनमध्ये मिळतो. डिप्लॉय करणाऱ्या युजरला दोन परवानग्या हव्यात: 'एपीआय एनेबल्ड' आणि 'मॉडिफाय मेटाडेटा थ्रू मेटाडेटा एपीआय फंक्शन्स'. अनेक ठिकाणी दुसरीच्या जागी सरसकट 'मॉडिफाय ऑल डेटा' दिलेली दिसते. तिनंही काम होतं, पण तिच्यामुळे त्या युजरला सगळे रेकॉर्ड बदलण्याचा अधिकार मिळतो. रात्री आपोआप चालणाऱ्या डिप्लॉयच्या खात्याला तो देऊ नये. त्या त्या घटकासाठी लागणारी परवानगी मात्र वेगळी द्यावी लागते. एपेक्स क्लास पाठवायचे असतील तर 'ऑथर एपेक्स' हवीच.

संगणकावर नोड.जेएस, सेल्सफोर्स सीएलआय (कमांड टाइप करून काम करण्याचं साधन) आणि गिट (फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बसवून घ्या. सीएलआयची आजची कमांड 'एसएफ' या दोन अक्षरांनी सुरू होते. जुन्या लेखांतल्या 'एसएफडीएक्स फोर्स'नं सुरू होणाऱ्या कमांड पाहून काम करू नका, त्यांचे पर्याय आता बदलले आहेत. संपादनासाठी व्हीएस कोड आणि त्याचं सेल्सफोर्स एक्स्टेन्शन सोयीचं पडतं, पण ते नसलं तरी अडत नाही.

'एसएफ प्रोजेक्ट जनरेट' या कमांडनं प्रोजेक्ट तयार होतो. त्यात फोर्स-ॲप/मेन/डीफॉल्ट हा फोल्डर मिळतो आणि मुळाशी एसएफडीएक्स-प्रोजेक्ट.जेसन ही फाईल. या फाईलमधला 'सोर्स एपीआय व्हर्जन' हा आकडा महत्त्वाचा आहे. सेल्सफोर्सच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि दर वेळी एपीआयचा आकडा एकानं वाढतो: स्प्रिंग २०२५ ला ६३, समर २०२५ ला ६४, विंटर २०२६ ला ६५. काही सँडबॉक्सना नवी आवृत्ती प्रॉडक्शनच्या काही आठवडे आधी मिळते. त्या काळात सँडबॉक्समध्ये नव्या आकड्यावर केलेलं काम प्रॉडक्शन स्वीकारत नाही, कारण तो आकडा तिथे अजून पोहोचलेला नसतो. आकडा नेहमी प्रॉडक्शनचाच ठेवा, आणि तो सगळ्या टीमनं एकाच दिवशी, एकाच कमिटनं (गिटमधल्या एका नोंदीनं) बदला.

लॉगिनसाठी 'एसएफ ऑर्ग लॉगिन वेब --एलियास' आणि पुढे नाव, उदाहरणार्थ 'देव' आणि 'प्रॉड'. सँडबॉक्स असेल तर --इन्स्टन्स-यूआरएल या पर्यायात सँडबॉक्सच्या पत्त्याऐवजी नेहमीचा लॉगिन पत्ता राहिला, की पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. सँडबॉक्सचा पत्ता 'टेस्ट' या शब्दानं सुरू होतो. एलियास ठेवताना दोन ऑर्गची नावं एकमेकांशी साम्य असलेली ठेवू नका. चुकीच्या ऑर्गवर डिप्लॉय होण्याचं सर्वात साधं कारण तेच असतं. प्रॉडक्शनला डीफॉल्ट ऑर्ग म्हणून तर कधीच ठेवू नये. दर वेळी --टार्गेट-ऑर्ग मुद्दाम टाइप करावं लागलं की हात आपोआप थांबतो.

काय आणायचं ते ठरवणं

काय आणायचं याची यादी पॅकेज.एक्सएमएल या मॅनिफेस्ट फाईलमध्ये असते. तिचा साचा सोपा आहे. प्रत्येक प्रकारासाठी एक 'टाइप्स' गट, त्यात एकेका घटकासाठी 'मेंबर्स', गटाच्या शेवटी प्रकाराचं 'नेम', आणि फाईलच्या अखेरीस 'व्हर्जन'. आपल्या उदाहरणात कस्टमऑब्जेक्ट प्रकारात सर्व्हिस_व्हिजिट__सी, लेआउट प्रकारात त्याचा लेआउट, परमिशनसेट प्रकारात तंत्रज्ञांचा परमिशन सेट, आणि फ्लो प्रकारात भेट संपल्यावर चालणारा फ्लो.

मेंबर्समध्ये नावाऐवजी * लिहिला की त्या प्रकारातलं सगळं येईल असं वाटतं. इथेच पहिली फसगत होते. कस्टमऑब्जेक्टसाठी * दिला तर फक्त कस्टम ऑब्जेक्ट येतात. अकाउंट, काँटॅक्ट, केस, ऑपॉर्च्युनिटी हे स्टँडर्ड ऑब्जेक्ट नाव घेऊन मागावे लागतात. अकाउंटवर तुम्ही तीस कस्टम फील्ड जोडली असतील, तर नुसत्या * नं त्यांतलं एकही हाती लागणार नाही. रिपोर्ट, डॅशबोर्ड, ईमेल टेम्प्लेट आणि डॉक्युमेंट यांच्यासाठी * चालतच नाही. तिथे आधी फोल्डरचं नाव आणि मग 'फोल्डर/रिपोर्ट' अशा जोडीनं प्रत्येक घटक लिहावा लागतो. फोल्डरमध्ये काय आहे हे 'एसएफ ऑर्ग लिस्ट मेटाडेटा' दाखवतो. त्याच्या तळाशी असलेला लिस्टमेटाडेटा हा कॉल एका वेळी तीनच चौकश्या घेतो, म्हणून स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर फोल्डर तीन-तीनच्या गटांनी विचारा.

यादी हातानं लिहिण्याचा कंटाळा असेल तर 'एसएफ प्रोजेक्ट जनरेट मॅनिफेस्ट --फ्रॉम-ऑर्ग देव' ही कमांड पूर्ण ऑर्गची यादी बनवून देते. ती थेट वापरू नका, कच्चा माल म्हणून घ्या. एका फेरीत जास्तीत जास्त १०,००० फाईली आणि ३९ एमबीची झिप चालते. जुन्या, मोठ्या ऑर्गची पूर्ण यादी ही मर्यादा सहज ओलांडते. शिवाय तुम्ही न बनवलेल्या शेकडो गोष्टी गिटमध्ये येऊन पडल्या, की खरा बदल कुठला ते ओळखता येत नाही. ज्या घटकांची जबाबदारी तुमची आहे, तेवढेच मॅनिफेस्टमध्ये ठेवा.

मग 'एसएफ प्रोजेक्ट रिट्रीव्ह स्टार्ट --मॅनिफेस्ट पॅकेज.एक्सएमएल --टार्गेट-ऑर्ग देव'. फाईली उतरल्या की काहीही बदलण्याआधी कमिट करा. हाच पाया. पुढच्या प्रत्येक बदलाचा फरक याच्याशी ताडून पाहायचा आहे. डेव्हलपर आणि डेव्हलपर प्रो सँडबॉक्समध्ये सोर्स ट्रॅकिंग (बदलांची आपोआप ठेवली जाणारी नोंद) चालू असेल, तर 'एसएफ प्रोजेक्ट रिट्रीव्ह प्रिव्ह्यू' तुम्ही सेटअपमध्ये केलेल्या बदलांची यादी आधीच दाखवतो. पार्शल किंवा फुल सँडबॉक्समध्ये ती सोय नाही, तिथे मॅनिफेस्टवरच भिस्त ठेवावी लागते.

फाईलमध्ये नसलेल्या गोष्टींचं काय होतं

हा भाग शांतपणे वाचावा. बाकी कमांड कुठेही शोधून सापडतात.

ऑब्जेक्टच्या फोल्डरमध्ये दहा फील्ड असतील आणि त्यातली दोनच डिप्लॉय केलीत, तर समोरच्या ऑर्गमधल्या बाकी आठ फील्डना धक्का लागत नाही. व्हॅलिडेशन रूलचंही तसंच. संगणकावरून फाईल काढून टाकली म्हणून ऑर्गमधला घटक जात नाही. त्यासाठी वेगळी पद्धत आहे, ती पुढे येईल.

पेज लेआउट मात्र पूर्ण बदलतो. समजा प्रॉडक्शनमध्ये कुणीतरी गेल्या आठवड्यात 'रक्कम' हे फील्ड लेआउटवर थेट ओढून ठेवलं आणि तुमच्या फाईलमध्ये ते नाही. डिप्लॉय यशस्वी होईल, कुठलाही इशारा येणार नाही, आणि ते फील्ड पानावरून गायब होईल. डेटा शाबूत असतो, पण वापरणाऱ्यांना वाटतं की माहिती पुसली गेली.

प्रोफाइलची (प्रत्येक युजरला नेमून दिलेला मूळ परवानग्यांचा गट) गोष्ट उलटी आहे. प्रोफाइलच्या फाईलमध्ये लिहिलेल्या तेवढ्याच परवानग्या बदलतात, न लिहिलेल्या जशाच्या तशा राहतात. पण प्रोफाइल रिट्रीव्ह करताना तिच्यात काय येतं, हे त्याच मॅनिफेस्टमध्ये दुसरं काय मागितलं आहे यावर ठरतं. फक्त प्रोफाइल मागितली तर सिस्टिम परवानग्या वगैरे येतात, पण सर्व्हिस_व्हिजिट__सीच्या फील्डांच्या परवानग्या येत नाहीत. तो ऑब्जेक्टही त्याच मॅनिफेस्टमध्ये असला तरच त्या येतात. 'मी प्रोफाइल आणली पण त्यात काहीच नाही' या तक्रारीचं मूळ हे आहे.

परमिशन सेट आणखी वेगळा. एपीआय ४० पासून तो पूर्ण येतो आणि डिप्लॉय करताना पूर्ण बदलला जातो. दोन जणांनी एकाच परमिशन सेटमध्ये गिटमधल्या वेगवेगळ्या शाखांवर (कामाच्या स्वतंत्र धाग्यांवर) भर घातली आणि दुसऱ्यानं पहिल्याचं काम ओढून न घेता डिप्लॉय केलं, तर पहिल्यानं दिलेल्या परवानग्या निघून जातात. तरीही आमची शिफारस परमिशन सेटचीच आहे. फाईल म्हणते ते आणि ऑर्गमध्ये आहे ते एकच, ही खात्री परवानग्यांच्या बाबतीत फार मोलाची असते. प्रोफाइलमध्ये ती खात्री कधीच मिळत नाही.

ग्लोबल व्हॅल्यू सेटमधून (निवड-यादीतल्या मूल्यांचा सामायिक संच) एखादं मूल्य फाईलीतून वगळलं, तर ते ऑर्गमध्ये पुसलं जात नाही, निष्क्रिय होतं. जुन्या रेकॉर्डवर ते दिसत राहतं, नव्या रेकॉर्डवर निवडता येत नाही. वॉरंटीच्या स्थितीत प्रॉडक्शनच्या ॲडमिननं 'मुदतवाढ' हे मूल्य थेट घातलं असेल आणि तुमच्या फाईलीत ते नसेल, तर डिप्लॉयनंतर तंत्रज्ञांना ते सापडणार नाही.

म्हणून लेआउट, परमिशन सेट आणि व्हॅल्यू सेट या तिन्हींसाठी एक नियम पाळावा: डिप्लॉयच्या दिवशी प्रॉडक्शनमधली ताजी प्रत वेगळ्या शाखेत रिट्रीव्ह करायची, आपल्या फाईलीशी गिटमध्ये ताडून पाहायची, आणि मगच पुढे जायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

फील्ड बनवणं आणि ते दिसायला लावणं

प्रत्येक फील्डची स्वतंत्र फाईल असते: ऑब्जेक्ट्स/सर्व्हिस_व्हिजिट__सी/फील्ड्स या फोल्डरमध्ये. तिच्यात फुलनेम, लेबल, टाइप आणि प्रकारानुसार लांबी किंवा दशांश. रकमेसाठी करन्सी, प्रिसिजन १८, स्केल २. प्रिसिजन म्हणजे दशांशासह एकूण अंक, दशांशाच्या डावीकडचे अंक नव्हेत; १८ आणि २ म्हणजे डावीकडे १६ अंक.

लेबल मराठीत ठेवता येतं, फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असली म्हणजे झालं. फुलनेममध्ये मात्र फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर चालतात. फील्डच्या लेबलाला ४० वर्णांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडमध्ये स्वतंत्र वर्ण असतात. 'प्रत्यक्ष दुरुस्तीची अंदाजे रक्कम' डोळ्यांना छोटं दिसतं, पण मोजलं तर तिसाच्या पुढे जातं. इंग्रजी आणि मराठी दोन्ही वापरणारे लोक असतील, तर मूळ लेबल इंग्रजीत ठेवून मराठीचं भाषांतर वेगळं द्यावं. सेल्सफोर्स मराठीला प्लॅटफॉर्म भाषा म्हणून ओळखतो, तिचा कोड 'एमआर'. अशा भाषांतरांच्या फाईली कस्टमऑब्जेक्टट्रान्सलेशन प्रकारात जातात. समोरच्या ऑर्गमध्ये ट्रान्सलेशन वर्कबेंच चालू नसेल किंवा त्यात मराठी जोडलेली नसेल, तर हा भाग नापास होतो, त्यामुळे ते आधी हातानं करून घ्या. प्लॅटफॉर्म भाषेत सेल्सफोर्सची स्वतःची बटणं आणि स्टँडर्ड मजकूर आपोआप मराठी होत नाहीत. तुम्ही भाषांतर दिलेल्या गोष्टी तेवढ्या मराठीत दिसतात.

सेटअपमधून फील्ड बनवताना ते कुणाला दिसावं हे विझार्ड विचारतो. मेटाडेटा एपीआय विचारत नाही. फील्डची फाईल एकटी डिप्लॉय केली तर फील्ड तयार होतं, पण फील्ड-लेव्हल सिक्युरिटी (ते फील्ड पाहण्या-बदलण्याची परवानगी) कुणालाच मिळत नाही, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरलाही नाही. मग क्वेरीत 'असा कॉलम नाही' अशी चूक येते आणि माणूस डिप्लॉय पुन्हा करत बसतो. प्रत्येक नव्या फील्डसोबत परमिशन सेटमधली त्याची नोंद एकाच डिप्लॉयमध्ये जायला हवी. याला अपवाद आहे: बंधनकारक फील्ड आणि मास्टर-डिटेल (रेकॉर्डला त्याच्या मुख्य रेकॉर्डशी घट्ट जोडणारी) फील्ड सगळ्यांना दिसतातच, म्हणून त्यांची नोंद परमिशन सेटमध्ये लिहिली तर 'यू कॅनॉट डिप्लॉय टू अ रिक्वायर्ड फील्ड' अशी चूक येते. एखादं फील्ड नंतर बंधनकारक केलंत तर परमिशन सेटमधली त्याची ओळ काढायला विसरू नका.

फील्डचं फुलनेम फाईलीत बदललं म्हणजे नाव बदलत नाही. एपीआयच्या दृष्टीनं ते नवंच फील्ड आहे. जुनं फील्ड सगळ्या डेटासह तिथेच राहतं आणि शेजारी एक रिकामं फील्ड उभं राहतं. नाव खरंच बदलायचं असेल तर समोरच्या ऑर्गमध्ये ते सेटअपमधून बदला आणि नंतर रिट्रीव्ह करा. लेबल हवं तेव्हा बदलता येतं.

तपासणी आणि डिप्लॉय

प्रॉडक्शनवर थेट डिप्लॉय करायची घाई करू नये. आधी 'एसएफ प्रोजेक्ट डिप्लॉय व्हॅलिडेट --मॅनिफेस्ट पॅकेज.एक्सएमएल --टार्गेट-ऑर्ग प्रॉड --टेस्ट-लेव्हल रनलोकलटेस्ट्स'. यात सगळं खऱ्या डिप्लॉयसारखं चालतं, टेस्टही धावतात, पण शेवटी काहीच जतन होत नाही.

टेस्ट लेव्हल निवडताना आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. रनलोकलटेस्ट्समध्ये ऑर्गमधल्या सगळ्या स्थानिक टेस्ट धावतात आणि एकूण सरासरी कव्हरेज (टेस्टमध्ये धावलेल्या कोडचं प्रमाण) ७५ टक्के लागतं. रनस्पेसिफाइडटेस्ट्समध्ये तुम्ही नावं दिलेल्या टेस्टच धावतात, पण तेव्हा पॅकेजमधल्या प्रत्येक क्लासला आणि ट्रिगरला स्वतंत्रपणे ७५ टक्के हवेत. म्हणजे दुसरा मार्ग वेळ वाचवतो, पण जास्त कडक आहे. सरासरीच्या आडोशाला लपलेला ४० टक्क्यांचा एखादा क्लास तिथे लगेच पकडला जातो. पॅकेजमध्ये एपेक्स नसेल तर प्रॉडक्शनमध्येही टेस्ट टाळता येतात. फील्डच्या बदलानं जुन्या टेस्ट मोडू शकतात हे मात्र लक्षात असू द्या. नवं फील्ड बंधनकारक केलं की रेकॉर्ड घालणाऱ्या जुन्या टेस्ट एकामागून एक पडतात.

व्हॅलिडेशन यशस्वी झालं की ०एएफ या अक्षरांनी सुरू होणारा जॉब आयडी मिळतो. तो जपून ठेवा. पुढच्या १० दिवसांत 'एसएफ प्रोजेक्ट डिप्लॉय क्विक --जॉब-आयडी' दिलं की टेस्ट पुन्हा न धावता बदल काही मिनिटांत प्रॉडक्शनमध्ये जातो. दिवसा व्हॅलिडेट करून ऑफिस सुटल्यावर क्विक डिप्लॉय करणं ही आम्हाला सर्वात सुरक्षित वाटणारी पद्धत आहे. पण मधल्या वेळात त्या ऑर्गमध्ये दुसरं कुठलंही डिप्लॉय झालं, तर आधीची व्हॅलिडेशन क्विक डिप्लॉयसाठी बाद होतात. एकाच ऑर्गवर अनेक टीम काम करत असतील तर वेळा आधी ठरवून घ्या.

सीएलआय डीफॉल्टनं ३३ मिनिटं वाट पाहतो आणि मग थांबतो. थांबतो तो तुमच्या संगणकावरचा प्रोग्रॅम. सर्व्हरवरचं काम चालूच असतं. घाबरून तीच कमांड पुन्हा दिली, तर दुसरं डिप्लॉय पहिल्याच्या मागे रांगेत उभं राहतं, कारण एका ऑर्गमध्ये एका वेळी एकच डिप्लॉय चालतं. 'एसएफ प्रोजेक्ट डिप्लॉय रिझ्यूम'नं पुन्हा जोडून घ्या, किंवा सेटअपमधल्या 'डिप्लॉयमेंट स्टेटस' पानावर पाहा. खरंच थांबवायचं असेल तर 'कॅन्सल' ही वेगळी कमांड आहे.

प्रॉडक्शनमध्ये एक घटक जरी नापास झाला तरी सगळं मागे फिरतं. अर्धवट बदल तिथे राहत नाही. सँडबॉक्समध्ये --इग्नोर-एरर्स देऊन जे जमलं ते ठेवता येतं, पण तशी सवय लावून घेऊ नये. त्यानं सँडबॉक्सची रचना गिटशी जुळेनाशी होते.

यशस्वी डिप्लॉयसाठी परतीचं बटण मात्र नाही. परत फिरायचं म्हणजे गिटमधली जुनी प्रत पुन्हा डिप्लॉय करायची आणि नव्यानं आलेले घटक वेगळे पुसायचे. म्हणूनच वर सांगितलेली प्रॉडक्शनची ताजी प्रत डिप्लॉयच्या आधी घ्यायची असते.

फ्लोचं एक वेगळेपण इथेच सांगायला हवं. फाईलीत स्थिती 'ॲक्टिव्ह' असली तरी प्रॉडक्शनमध्ये फ्लो निष्क्रिय अवस्थेत येऊन पडतो. 'प्रोसेस ऑटोमेशन सेटिंग्ज'मध्ये फ्लो सक्रिय अवस्थेत डिप्लॉय करण्याचा पर्याय चालू केला तरच तो थेट सुरू होतो, आणि त्यासाठी फ्लोना टेस्ट कव्हरेजही लागतं. ते नको असेल तर डिप्लॉयनंतर फ्लो हातानं ॲक्टिव्हेट करणं हे कामाच्या यादीत लिहून ठेवा.

पुसणं

पुसण्यासाठी डिस्ट्रक्टिव्हचेंजेस.एक्सएमएल ही फाईल लागते. तिचा साचा मॅनिफेस्टसारखाच, पण * चालत नाही. प्रत्येक घटकाचं पूर्ण नाव लिहावं लागतं. सोबत एक पॅकेज.एक्सएमएल हवीच, त्यात नुसता व्हर्जन असला तरी पुरे.

क्रम महत्त्वाचा आहे. साध्या नावाची किंवा 'प्री' जोडलेली फाईल नव्या गोष्टी येण्याआधी पुसते. 'पोस्ट' जोडलेली नंतर. 'तंत्रज्ञ' हे जुनं टेक्स्ट फील्ड काढून त्या जागी लुकअप (दुसऱ्या रेकॉर्डशी जोडणारं फील्ड) आणायचं असेल आणि फ्लो जुनं फील्ड वापरत असेल, तर आधी फ्लोची सुधारित आवृत्ती जायला हवी आणि मग फील्ड पुसायला हवं. म्हणजे 'पोस्ट'. सीएलआयमध्ये त्यासाठी --पोस्ट-डिस्ट्रक्टिव्ह-चेंजेस हा पर्याय आहे. तरीही फील्ड वापरात असल्याची चूक आली तर फ्लोच्या जुन्या, निष्क्रिय आवृत्त्या पाहा. त्या चालत नसल्या तरी फील्ड धरून ठेवतात. आधी त्या पुसाव्या लागतात. सेटअपमध्ये फील्डच्या पानावरचं 'व्हेअर इज धिस यूज्ड' हे बटण अशा जागा दाखवतं.

पुसलेलं कस्टम फील्ड १५ दिवस परत आणता येतं. --पर्ज-ऑन-डिलीट दिल्यास ती मुभा जाते. हा पर्याय प्रॉडक्शनमध्ये चालतच नाही. पुसण्याआधी त्या फील्डमधला डेटा सीएसव्हीमध्ये उतरवून घ्या, कारण गिटमध्ये फक्त फील्डची व्याख्या असते.

नेहमीच्या चुका ओळखणं

'नो कस्टमफील्ड नेम्ड अमुक फाउंड' म्हणजे कुठल्यातरी लेआउट, रिपोर्ट किंवा परमिशन सेटमध्ये उल्लेख असलेलं फील्ड पॅकेजमध्येही नाही आणि समोरच्या ऑर्गमध्येही नाही. चूक ज्या फाईलीच्या नावानं येते तिच्यात दोष नसतो, पॅकेजमधून काहीतरी सुटलेलं असतं.

'एलिमेंट इनव्हॅलिड ॲट धिस लोकेशन' आली की आधी एपीआयचा आकडा तपासा. नव्या आकड्यावर आणलेली फाईल जुन्या आकड्यानं पाठवली जात असते. त्यातून सुटलं नाही तर हातानं केलेल्या संपादनात टॅगची जागा किंवा नाव चुकलंय का ते पाहा.

'अननोन यूजर परमिशन' ही प्रोफाइलमध्ये येते. सँडबॉक्समध्ये एखादं फीचर चालू आहे, प्रॉडक्शनमध्ये नाही. ती ओळ फाईलीतून काढा, किंवा आधी फीचर चालू करा. डॅशबोर्ड एखाद्या ठरावीक व्यक्तीच्या नावानं चालत असेल आणि ती व्यक्ती समोरच्या ऑर्गमध्ये नसेल, तरीही अशीच अडचण येते.

'अनएबल टू लॉक रो' टेस्टच्या वेळी दिसली तर बहुतेकदा समांतर धावणाऱ्या टेस्ट एकाच रेकॉर्डसाठी भांडत असतात. पुन्हा चालवल्यावर ती जाते, पण दर आठवड्याला येत असेल तर त्या टेस्ट स्वतःचा डेटा स्वतः बनवतात का ते तपासायला हवं.

एकाच वेळी बरीच लाल अक्षरं आली तर सगळी वाचू नका. ऑब्जेक्ट आणि फील्डच्या चुका आधी सोडवा. एक फील्ड अडलं की त्याच्यावर अवलंबून असलेला लेआउट, फ्लो, क्लास, टेस्ट सगळंच नापास दिसतं, आणि ते एक सुटलं की बाकीच्या चुकांपैकी पुष्कळ आपोआप नाहीशा होतात.

फाईलींशिवायचा मार्ग

मेटाडेटा एपीआयमध्ये क्रिएटमेटाडेटा, रीडमेटाडेटा, अपडेटमेटाडेटा, अपसर्टमेटाडेटा आणि डिलीटमेटाडेटा असे थेट कॉलही आहेत. ते झिप न बनवता एकेका घटकावर लगेच काम करतात. एका कॉलमध्ये १० घटक; कस्टम मेटाडेटा रेकॉर्डसाठी २००. एपेक्स क्लाससारखे मजकूर असलेले घटक यातून जात नाहीत. आणि यात सगळं मागे फिरण्याची हमी आपोआप मिळत नाही: दहातले तीन नापास झाले तरी सात जतन होतात, जोपर्यंत ऑलऑरनन हेडर खरा करून पाठवत नाही.

एखाद्या प्रोग्रॅमला दोनशे कस्टम मेटाडेटा रेकॉर्ड रोज अद्ययावत करायचे असतील तर हा मार्ग योग्य. माणसानं केलेल्या बदलांसाठी तो वापरू नये. गिटमध्ये त्याची खूण राहत नाही, आणि सहा महिन्यांनी हे फील्ड कुणी, कशासाठी घातलं हे सांगायला कुणी नसतं.